काय ठेवावं, काय टाकावं?

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. या सदराकडे कुकर, शिलाईयंत्र, मिक्सर, विहिरीवरची मोटर असल्याच तक्रारी जास्त येतात. हे पत्र मोटारसायकलच्या ब्रेकचं आहे. बायकांच्या साप्ताहिकात ब्रेक कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर त्यांनी पत्र नीट वाचावं.

त्या लिहितात, "आमच्या घरी एकच मोटारसायकल. सकाळी मुलगा तिच्यावर दुधाचे दोन कॅन लावून डेअरीला घालून येतो. मग धाकट्या बहिणीला मागं बसवून शिरूरला कॉलेजात सोडतो आणि तिथून रांजणगावला कंपनीत कामाला जातो. रात्री हे तीच गाडी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात. गेल्या आठवड्यात पुढचा ब्रेक दाबला तर नीट लागेना, आणि लागला की सुटेना. मेस्त्रींनी उघडून बघितला. म्हणाले, वहिनी, अख्खा कॅलिपरच बदला, आतलं सगळं संपलंय. हे म्हणतात, काही संपलेलं नाही, पेट्रोलमध्ये धू, पॉलिश पेपर मार आणि बसव, उसाचं बिल आलं की बघू. मुलगा म्हणतो, पुढचा ब्रेक नसला तरी अडत नाही, मी मागचाच वापरतो. सगळे सुटे भाग गॅरेजात ट्रेमध्ये पडून आहेत आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघतायत, कारण पैसे माझ्या भिशीतून जायचे आहेत. मी काय सांगू?"

ताई, तुमच्या घरातली तिन्ही पुरुष मंडळी आपापल्या परीनं चुकताहेत. मेस्त्रींचं थोडं, तुमच्या ह्यांचं जास्त, आणि मुलाचं सगळ्यात जास्त. तेव्हा सुरुवात मुलापासून करू.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, अशी एक समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. सायकल शिकवताना वडीलधारे हेच सांगायचे. पण चालती गाडी थांबवायला लागलं की तिचं आणि बसणाऱ्यांचं वजन पुढं झुकतं. एसटीनं ब्रेक मारला की आपण कसे पुढच्या सीटवर आपटतो, तसंच. वजन पुढं गेलं की मागचं चाक हलकं होतं, ते रस्त्याला धरत नाही, नुसतं घसटत जातं. पुढचं मात्र रस्त्यावर आणखी दाबलं जातं. म्हणून डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. वाळूवर, चिखलात, उसाच्या पाचटावर तो हळुवार दाबायचा, एवढं पथ्य खरं. पण तो नसला तरी चालतं, हे खरं नाही.

आणि थोडा हिशेबही करा. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं जाते. डोळ्यांनी बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपले. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद दुप्पट नाही, चौपट लागते. त्यात दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन भरलेले असले, तर दुधाचंच वजन ८० किलोच्या वर, म्हणजे मागं एक धट्टाकट्टा माणूस बसवल्यासारखं. न्हावऱ्याचा रस्ता तर तुम्हीच मला सांगाल. घोडगंगा साखर कारखाना तुमच्याच गावचा, शिरूर-चौफुला रस्ता गावातून जाणारा. उसाच्या मोसमात अंधारात पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली आणि तिला मागं लाल दिवा नसला, तर ती दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. त्या वेळी मागचा ब्रेक एकटा पुरणार नाही, आणि मागं तुमची लेक बसलेली असते.

आता तुमच्या ह्यांचं आणि मेस्त्रींचं भांडण. त्यासाठी कॅलिपर म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. घाबरू नका, रोज कुकर लावणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही.

पुढच्या चाकाला लोखंडी थाळीसारखी चकती असते, ती डिस्क. तिच्या कडेवर चिमट्यासारखा बसलेला धातूचा ठोकळा म्हणजे कॅलिपर. त्यात डिस्कच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. हँडलवरचा दांडा दाबला की तेल नळीतून खाली ढकललं जातं, ते कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढं लोटतं, आणि पॅड डिस्कला आवळून धरतात. पिस्टनभोवती रबराचं एक चौकोनी कडं असतं. त्याला गॅरेजात सील म्हणतात. हे सील दोन कामं करतं. तेल बाहेर येऊ देत नाही, हे एक. दुसरं काम फारसं कुणाला माहीत नसतं. पिस्टन पुढं जाताना सील थोडं वाकतं, आणि दांडा सोडला की ते परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागं ओढून घेतं. त्या केसभर फटीमुळेच चाक मोकळं फिरतं. सील कडक झालं किंवा फुगलं की हे ओढणं बंद. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. तुमची नेमकी तीच तक्रार आहे.

म्हणजे दोष कुठं आहे, याची दिशा पत्रातच दिसते. बहुधा सील, नाहीतर गंजलेला पिस्टन, नाहीतर ज्या पिनांवर कॅलिपर मागंपुढं सरकतो त्या जाम झालेल्या. यातलं काहीही असलं तरी अख्खा कॅलिपर संपला असं होत नाही. आणि नुसतं धुऊनही भागत नाही.

कुकरचंच घ्या. कुकरची गॅस्केट सैल पडली, वाफ कडेनं जायला लागली, म्हणून आपण कुकर भंगारात देत नाही. पण ती गॅस्केट धुऊन, उलटी करून, फ्रिजमध्ये ठेवून किती दिवस चालवायची, यालाही मर्यादा असते. आणि सुरक्षा झडप गेली तर तिथं काडी खुपसून कुकर लावणारी शहाणी बाई मी अजून पाहिली नाही. भांडं टिकतं, रबर टिकत नाही. कॅलिपरचंही तसंच. आपण एकेक भाग ट्रेमधून उचलून बघू.

पहिलं सील आणि त्याच्या बाहेरचं धूळ अडवणारं रबर. पिस्टन एकदा बाहेर काढला की ही दोन्ही नवीच घालायची. चांगली दिसताहेत, असं म्हणून परत घालायची नाहीत. रबर जिथं वर्षानुवर्षं दाबलं गेलं त्याच आकाराचं झालेलं असतं, दुसऱ्या जागी बसलं की ते धरत नाही. शिवाय ही रबरं सगळ्यात स्वस्त. बऱ्याच गाड्यांसाठी सीलचा संच वेगळा मिळतो. त्याला किट म्हणतात. मेस्त्रींना आधी हेच विचारा, "दादा, या गाडीचं सील किट मिळतं का?" काही गाड्यांच्या कंपन्या किट वेगळं देत नाहीत, अख्खा कॅलिपरच विकतात. तसं असेल तर मेस्त्रींचं म्हणणं वेगळ्या कारणानं बरोबर ठरेल, आणि त्यांच्यावर रागवायचं कारण उरणार नाही. पण एका दुकानात नाही म्हणजे कुठंच नाही, असं नसतं. शिरूरला नाही मिळालं तर पुण्याला विचारावं. गाडीचं मॉडेल आणि साल लिहून नेलेलं बरं.

दुसरा पिस्टन. इथं मात्र डोळे उघडे ठेवायचे. पिस्टन पुसून उजेडात धरायला सांगा आणि बोटाच्या नखानं त्याच्या बाहेरच्या अंगावर आडवं ओढून बघा. नुसता डाग असेल, रंग बदललेला असेल, नख अडत नसेल, तर पिस्टन खुशाल परत वापरा. पण चकाकी सोलून निघाली असेल, गंजाचे बारीक खड्डे पडले असतील, नख अडत असेल, तर तो टाकायचा. पॉलिश पेपर मारून तो चकचकीत करता येतो, पण त्यानं वरचा मुलामा जातो, आणि मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी गंज चढतो. शिवाय खड्ड्यांची धार नव्या सीलला कातरते. नवं सील, जुना खड्डेवाला पिस्टन, म्हणजे फाटक्या उशीला नवा अभ्रा. नुसता पिस्टन वेगळा मिळत असेल तर अख्ख्या कॅलिपरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

कॅलिपरचं अंग, म्हणजे तो ठोकळा, बहुतेक वेळा वाचतो. आतल्या भोकाच्या भिंतीवर थोडे डाग, बारीक ओरखडे असले तरी घाबरू नका. यात सील भिंतीवर नाही, पिस्टनवर घासतं. म्हणून पिस्टन गुळगुळीत पाहिजे. भिंतीला थोडं माफ. (हँडलवर जो तेलाचा डबा असतो, त्याखालच्या सिलिंडरात नेमकं उलट असतं. तिथं भिंत गुळगुळीत पाहिजे.) पण ज्या खाचेत सील बसतं ती खाच अगदी स्वच्छ हवी. तिच्यात पांढरी, मिठासारखी खरपुडी साठते. ती राहिली की नवं सील वर उचललं जातं, पिस्टनला जास्त आवळतं आणि ब्रेक पुन्हा धरून ठेवतो. "किट घातलं तरी ब्रेक जामच" अशी जी तक्रार येते तिचं कारण पुष्कळदा हीच खरपुडी. ती स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू देऊ नका, ओरखडा पडतो. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोकानं काढायची. या एका कामाला मेस्त्रींनी दहा मिनिटं जास्त घेतली तर त्यांना चहा पाजा.

ठोकळ्याला तडा गेला असेल, नटबोल्टचे आटे गेले असतील, किंवा पिस्टन इतका धरला असेल की काढताना हातोडे मारून आतलं वाकलं असेल, तरच अख्खा नवा कॅलिपर घ्यायचा. तेव्हा मात्र घासाघीस नको. जुन्या बाजारातला, अपघातातल्या गाडीचा कॅलिपर कुणी स्वस्तात देत असेल तर त्याचाही पिस्टन काढून बघा आणि सीलं नवीन घाला. त्याची आतली अवस्था बाहेरून दिसत नाही, आणि मग चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतो.

पिना. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या या दोन पिना. दोन पॅडांपैकी एक झिजून पत्र्याला आला आणि दुसरा जाडजूडच राहिला, असं दिसलं तर समजायचं की पिना जाम आहेत, चिमट्याचा एकच हात काम करतोय. पिन सरळ असेल, गंज पुसून निघत असेल आणि खाली नितळ धातू लागत असेल, तर ठेवा. वाकली असेल, मध्ये घासून पायरी पडली असेल, तर बदला. पिनांवरची रबरी टोपणं चिरली असतील तर ती बदलाच. ती फाटली म्हणूनच पाणी आत गेलेलं असतं. आणि पिनांना चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावायचं नाही. त्यानं ही रबरं फुगतात. ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस मिळतं, एक लहान ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

पॅड. यात मुळीच भावनेला जागा नको. बऱ्याच पॅडांना मध्ये एक चर असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. गाडीच्या पुस्तिकेत जाडीचा आकडा असतो. तो सापडत नसेल तर मसाल्याची जाडी दोन मिलिमीटर उरली की बदलायचा, ही ढोबळ खूण ठेवा. पॅड नेहमी जोडीनं बदलायचे, एक नवा एक जुना चालत नाही. आणि तेल गळून पॅडला लागलं असेल, तर तो जाड असला तरी बाद. तेल त्याच्या अंगात मुरतं. काही ठिकाणी असा पॅड विस्तवावर भाजून परत देतात. वरून कोरडा दिसतो, पण गरम झाला की पुन्हा घाम सुटल्यासारखं तेल वर येतं.

डिस्क बहुतेकांना आठवतच नाही. तिच्या अंगावरच कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मेस्त्रींकडे जाडी मोजायचं साधन असतं, मोजून घ्या. त्याच्या खाली गेली असेल, किंवा ब्रेक लावताना दांडा हाताला धकधक करत असेल, म्हणजे डिस्क वाकली असेल, तर ती बदलावी लागेल. हा खर्च मोठा आहे, पण पातळ डिस्क लवकर तापते. चालत्या गाडीचा सगळा जोर शेवटी उष्णताच होऊन या चकतीत उतरतो. गाडी नुकतीच थांबलेली असेल तर मुलांना डिस्कला हात लावू देऊ नका, तव्यासारखा चटका बसतो.

उरल्या किरकोळ वस्तू. तेलाची नळी जिथं कॅलिपरला जोडतात तिथं बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या असतात. त्या एकदा आवळल्या की दबतात, म्हणून दर वेळी नव्या. त्या जुन्याच घालून पाझर राहिलेल्या गाड्या किती तरी असतील. पॅड धरणारी पत्र्याची स्प्रिंग ताठ असेल तर ठेवा, गंजून मऊ पडली असेल तर टाका. हवा काढायचं निपल गोल झालेलं नसेल आणि त्याचं भोक मोकळं असेल तर तेच चालेल. त्यावरची रबरी टोपी मात्र असलीच पाहिजे.

आता तुमच्या ह्यांच्या पेट्रोलविषयी. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिनाचं तेल, हे सगळे ब्रेकमधल्या रबराचे शत्रू. त्यात पडलं की सील फुगतं, मऊ होतं. धातूचे भाग पेट्रोलनं धुतले तरी एखाद्या भोकात, खाचेत थेंब राहिला की तो नव्या सीलला खातो. ब्रेक धुवायचा फवारा मिळतो तो वापरावा, नाहीतर शेवटचं पुसणं ताज्या ब्रेक ऑइलनं करावं. ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल, ते खरं तर वेगळंच रसायन आहे. त्याच्या डब्यावर डॉट ३, डॉट ४ असा आकडा असतो, आणि हँडलवरच्या डब्याच्या झाकणावर कुठला हवा ते लिहिलेलं असतं. तोच घ्यायचा.

हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसं. ताजं डॉट ४ तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. सारखा ब्रेक वापरून कॅलिपर तापला की असलं पाणीदार तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात, आणि दांडा दाबला तर तो नुसता हँडलला जाऊन टेकतो. हेच पाणी आतून पिस्टनला गंजवतं. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावं असं साधारण सांगतात. मेस्त्रींच्या कपाटातली, झाकण सैल असलेली, कधीची तरी अर्धी बाटली नको. लहान सीलबंद बाटली घ्या, ती तुमच्यासमोर फुटू दे. आणि टाकीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग निघतो.

एक बारीक गोष्ट घरच्या घरी बघता येते. हँडलवरच्या डब्याला काच किंवा खूण असते. पॅड झिजत गेले की तेलाची पातळी हळूहळू खाली जाते, ते साहजिक आहे. तेल कमी दिसलं की वरून ओतायची सवय चुकीची. आधी पॅड बघायचे. पॅड नवे आहेत आणि तरी पातळी उतरतेय, म्हणजे कुठं तरी पाझर आहे.

तर ताई, भिशीचा हिशेब असा मांडा. सील किट, तांब्याच्या चकत्या, तेल, पिनांची टोपणं आणि ग्रीस, हे आजच्या आजच, उधार-उसनवारी न करता. हे सगळं मिळूनही अख्ख्या नव्या कॅलिपरच्या जवळपास जाणार नाही. पॅड आणि पिना तपासून. पिस्टन नखाच्या परीक्षेत नापास झाला तरच. ठोकळा शेवटी. आणि डिस्क पातळ निघाली तर? तेव्हा तुमचे हे म्हणतील, "डिस्कचं उसाचं बिल आल्यावर." याला मी हो म्हणणार नाही. पण पैसे खरोखरच नसले, तर गाडी तोवर घरी उभी राहील, मुलगी एसटीनं जाईल आणि दूध शेजारच्यांच्या गाडीवरून जाईल. मुलाची कामाची वेळ एसटीशी जुळत नसेल तर घरात कुरकूर होईल. होऊ द्या.

मेस्त्रींबद्दलही थोडं. ते अख्खा कॅलिपर सांगतात म्हणजे लुबाडतातच, असं धरू नका. अख्खा बदलला की त्यांचं काम अर्ध्या तासात होतं आणि तक्रार घेऊन कुणी परत येत नाही. खाच साफ करत बसायला वेळ जातो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक द्यायला तयार नसतं. तेव्हा मजुरीत कापू नका, मालात बघा. काढलेले जुने भाग पुडीत बांधून मागून घ्या, नव्या भागांची पाकिटं आणि बिलही. ब्रेकच्या मालात नकली फार. डब्यावरचं नाव एखाद्या अक्षरानं वेगळं असतं, छपाई फिकट असते. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून आहे, तिथं वाहनांच्या ब्रेकच्या चाचण्या होतात. नकली मालाची कसली आलीय चाचणी?

गाडी १ एप्रिल २०१९ नंतरची नवी घेतलेली असेल, तर आणखी एक बघा. त्या तारखेपासून नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत निदान दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले आणि त्याहून मोठ्या गाडीला चाक जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. एबीएसवाल्या गाडीची हवा काढणं थोडं नाजूक काम आहे. मेस्त्रींनी ते आधी केलेलं नसेल तर हे एक काम कंपनीच्या दुकानात करून घ्यावं. साध्या जुन्या गाडीला ही अडचण नाही.

गाडी घरी आली की रस्त्यावर नेण्याआधी अंगणातच दांडा चार-सहा वेळा दाबायला सांगा. पहिल्या एक-दोन वेळा तो सैल जाईल, मग टणक व्हायला हवा. टणक झाला नाही, स्पंजासारखा मऊच राहिला, तर आत हवा आहे, गाडी परत न्या. मग पुढचं चाक उचलून हातानं फिरवायचं, ब्रेक दाबून सोडायचा, पुन्हा फिरवायचं. सोडल्यावर मोकळं फिरलं पाहिजे. दांडा दाबून धरून नळीच्या जोडाखाली कोरडा कागद लावून बघा, ओल दिसता कामा नये. पॅड नवे असतील तर पहिले शे-दोनशे किलोमीटर ब्रेक हलक्या हातानं वापरायचे. नवा पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांना लागेपर्यंत तो पुरा धरत नाही. त्या दिवसांत दुधाचे कॅन एका वेळी एकच न्यावा आणि दोन खेपा कराव्यात.

पुढं काळजी म्हणाल, तर शेतातून आल्यावर चाकाजवळचा काळा चिखल वाळायच्या आत साध्या पाण्यानं धुवा. पंपाच्या जोराच्या धारेचं तोंड कॅलिपरवर धरू नका, रबरामागं पाणी घुसतं. खताची पोती याच गाडीवरून येत असतील तर त्या दिवशी तर धुवाच. खताची धूळ आणि ओल मिळाली की लोखंडाला गंज फार लवकर चढतो. तुमच्या पिनांची अवस्था त्यामुळंच झाली असेल, असा मला संशय आहे.

उरलेलं आणि काढलेलं तेल सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. ते विषारी आहे आणि घरात लहान मूल नसलं तरी पाहुण्यांचं येतं. ओढ्यात, गोठ्याजवळ ओतू नका, गॅरेजातच ठेवून या.

दौंडच्या एका भगिनीनं विचारलं आहे की, त्यांच्या स्कूटरच्या मागच्या चाकाला डिस्क नाही, जुन्या पद्धतीचा ड्रम आहे, आणि मेस्त्री दर वेळी आतल्या लायनरला पॉलिश पेपर मारून तोच परत बसवतात, हे बरोबर का. पूर्वीच्या चेतक आणि लूना, दोन्ही १९७२ च्या, ड्रमवरच चालायच्या आणि तेव्हापासून हा पॉलिश पेपर चालत आला आहे. लायनर पुरेसा जाड असेल आणि नुसता वरून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर एकदा घासून घ्यायला हरकत नाही. मात्र ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू देऊ नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते छातीत गेलं की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. लायनर संपलाय का, हे चाक न खोलताही कळतं. बऱ्याच गाड्यांना मागच्या चाकापाशी, ब्रेकची तार जिथं जोडलेली असते तिथं, एक लहानसा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण. कुणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही वाकून बघा. बाण खुणेला टेकला असेल तर लायनर बदलायला सांगा.